पंचाण्णवचं घर

जगात नोकरी सोडण्याची जेवढी म्हणून कारणं असू शकतात, तेवढी सगळी आमच्या सापवाल्या काकांनी एकेकदा वापरून पाहिली होती. पगार कमी म्हणून किंवा साहेब तिरसट म्हणून माणसं नोकरी सोडतात. इतक्या साध्या कारणासाठी राजीनामा देणं काकांना कमीपणाचं वाटत असावं. धर्माबादच्या मोंढ्यात ते एका मिरचीच्या आडतीवर कारकून होते. तिथल्या भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, म्हणून ती नोकरी सोडली. किनवटला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गावी, एका वसतिगृहाच्या कचेरीत चिकटले, तर तिथे दिवसातून चार वेळा रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. “गाडी चालली आन् मी बसून राहिलो, हे काई बरं दिसत न्हाई मास्तर,” असं त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की मलाही क्षणभर माझ्या खुर्चीची लाज वाटली. पुढे अहमदपूरच्या स्टँडवर एसटीच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं. दीडेक वर्ष गावांची नावं रंगवली आणि मग ही गावं खरोखर आहेत की नुसती पाट्यांवरच आहेत, अशी शंका त्यांना छळू लागली. राजीनामा देऊन ते एकेका गावाला जाऊन आले. सगळी होती. एक मात्र असं निघालं की पाटी त्या गावाची लागायची आणि गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच माघारी फिरायची. ही फसवणूक काकांनी पुढे कित्येक वर्षं मनाला लावून घेतली होती.

असा हा गृहस्थ लातूरला आमच्या कारखान्यात सहा वर्षं टिकला, हे नवल. कारखाना म्हणजे एका लाकूडवाल्या शेठची पत्र्याची लांबट शेड. वखारीत उरलेल्या प्लायवूडचं काय करायचं म्हणून शेठने आधी कॅरम बोर्ड काढले, मग ल्यूडो आणि मग सापशिडी. सापशिडीला साप लागतात म्हणून काकांना ठेवलं. खेळाला नियम लागतात म्हणून मला ठेवलं. मी डी.एड. होऊन नोकरीविना हिंडत होतो. वर्ग कधी मिळाला नाही, पण काकांनी पहिल्याच दिवशी मला ‘मास्तर’ करून टाकलं आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

काकांना बसता येत नसे. म्हणजे दुखणं वगैरे काही नव्हतं. बसणं ही क्रियाच त्यांना मंजूर नव्हती. चित्र काढायची फळी त्यांनी खिडकीच्या कठड्याच्या उंचीवर ठोकून घेतली होती, आणि तिथेही एक साप पुरा होईपर्यंत त्यांच्या शेडच्या दहा फेऱ्या व्हायच्या. शेपटी काढून गेले की मधला भाग फेरी मारून आल्यावर. चहा उभ्याने, जेवण दारात. रविवारी विहारात वंदनेला जात, तेही अगदी दाराशी जागा धरून. एसटीत जागा मिळाली तरी पुढच्या थांब्याला उठत आणि एखाद्या म्हातारीला बळंच बसवत. म्हातारी नसली तर कुणाच्या तरी गाठोड्याला. काकू म्हणायच्या, यांच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर त्यांनी सात गावं पाहिली होती, म्हणून कढीपत्त्याचं रोप त्या नेहमी डालड्याच्या डब्यात लावत, उचलायला बरं पडतं म्हणून. लातूरला चौथं वर्ष लागलं तेव्हा एके दिवशी त्यांनी ते रोप डब्यातून काढलं आणि खोलीमागच्या जमिनीत लावलं. मी सहज तिथे गेलो होतो. काकूंनी हात धुतले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, “आता ऱ्हातील बहुतेक.”

ते राहिले याचं कारण साप. काकांचा प्रत्येक साप कुणीतरी असायचा. सतराचा साप म्हणजे नळ सोडणारा माणूस. त्याची नजर नेहमी दुसऱ्याच गल्लीकडे. बासष्टचा म्हणजे रेशन दुकानदार. एका पटावर काकूंना आपला थोरला भाऊ सापडला, तेव्हा दोन दिवस घरात भाजीला फोडणी नव्हती. अठ्ठ्याण्णवचा साप गालात पान धरून असायचा आणि तो कोण हे शेडमधल्या सगळ्यांना माहीत होतं. शेठ मात्र तो पट हातात धरून म्हणायचा, “हा लई झ्याक जमलाय बघा. याच्यात काहीतरी रुबाब हाय.”

पण त्यांची खरी करामत शेवटच्या ओळीत होती. एक्याण्णव ते शंभर या गल्लीत ते साप दाटीवाटीने बसवायचे. त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मधलं पंचाण्णवचं घर तेवढं मोकळं. त्या घराला ते ‘दार’ म्हणत. खेळणारा ब्याण्णववर आला की त्याला बरोबर तीन पडायला हवेत. नाहीतर गेला कुठल्यातरी तोंडात. एवढा दुष्टपणा कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “दार अरुंद असू द्या मास्तर. पण असलं पाहिजे.”

आणि आमचा एक रिवाज होता. नवा पट छापायला देण्याआधी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं तो पुरा खेळायचो. पुरा म्हणजे दोघंही शंभरला पोचेपर्यंत. पहिला पोचला म्हणून उठायचं नाही. मी स्टुलावर, आणि काका टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत, आपली सोंगटी कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने सरकवत. डाव संपला की मूळ चित्राच्या मागे ‘पूर्ण खेळून पाहिला’ असं लिहून दोघं सही करायचो. शेठला ते इतकं आवडलं की त्याने ती ओळ आणि आमच्या दोन सह्या प्रत्येक पटाच्या पाठीवर छापायला सुरुवात केली. घरोघरच्या पटांमागे आपली सही असते, याचा मला त्या वयात फार अभिमान होता. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मी पत्रिकेबरोबर ल्यूडो पाठवला होता.

अशात लातूर जिल्हा झाला. गाव एका दिवसात दोन बोटं उंच झालं. पानपट्टीची जिल्हा पानपट्टी झाली, कटिंगच्या दुकानावर ‘जिल्हा’ आलं, आणि शेठनेही कारखान्याच्या पाटीत तो शब्द कसाबसा कोंबला. पाऊस मात्र जिल्हा झाल्याची दखल घ्यायला तयार नव्हता. उन्हाळा इतका कडक गेला की रंग कालवायचं पाणी काका घरून बाटलीत आणत आणि ब्रश धुतलेलं पाणी जपून ठेवत. टँकर आला की कारखाना बंद. मालकापासून हमालापर्यंत सगळे घागर घेऊन रांगेत. त्याच दिवसांत एका कचेरीतून साहेब आले. नव्या जिल्ह्यातल्या शाळांना वाटायला सापशिडी हवी होती. शंभरच्या घरात ‘प्रगत जिल्हा’, शिड्यांवर शिक्षण, श्रमदान वगैरे, आणि सापांवर हुंडा, दारू, जुगार, असली नावं. काकांनी आठ दिवसांत पट काढला. आम्ही तो खेळलो, सह्या केल्या. चित्र न्यायला साहेब स्वतः आले, टेम्पो प्रेसला जायला दारात उभा, आणि तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की सापांमध्ये दुष्काळ राहिलाच. असा विषय आणि दुष्काळ नाही, म्हणजे वर काय तोंड दाखवायचं. त्यांनी पटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “इथं एक घर रिकामं आहे की.”

तास-दीड तास होता. काकांनी ब्रश उचलला, आणि त्या दिवशी मी त्यांना एकही फेरी न मारता चित्र काढताना पाहिलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले होते की मुकादम रोज नव्या ढिगाकडे बोट दाखवून हाच शेवटचा म्हणायचा, आणि ते दोन वर्षं रोज खरं मानत. तो सगळा काळ त्या सापात उतरला. भेगाळलेली कातडी, खोल गेलेले डोळे, आणि तोंड असं उघडलेलं की त्याला काही गिळायचं नसून नुसती तहान लागली आहे. शेपूट थेट चारच्या घरापर्यंत. शेडमधली माणसं काम टाकून मागे उभी राहिली. काकांनी सहा वर्षांत काढलेला हा सगळ्यात चांगला साप होता. तो बघण्यात आम्ही दोघंही असे हरवलो की तो कुठल्या घरात बसलाय, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पट पुन्हा खेळायचाही राहिला. साहेब घड्याळ बघत होते, टेम्पो हॉर्न देत होता, आणि पाठीवर आमच्या सह्या तर आधीच झालेल्या होत्या.

पावसाळा कोरडा गेला. मग एक दिवस अहमदपूरकडच्या एका शाळेतून कार्ड आलं. नियमांचा कारभार माझा, म्हणून ते माझ्याच हातात पडलं. बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आपला खेळ मुलांस फार आवडला. चार दिवसांपासून मधल्या सुट्टीत खेळत आहेत, परंतु अद्याप कोणीही शंभरपर्यंत पोहोचले नाही. आमच्या मुलांचे खेळताना काही चुकते आहे का, कृपया कळवावे.’

मी हसत हसतच ते काकांना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी भिंतीवर लावलेला तोच पट खाली घेतला, ब्याण्णववर सोंगटी ठेवली आणि बोटाने घरं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाही घरांत साप. फाशावर सहाच्या वर काही नसतं, आणि सहा पडले तरी आधी तेवढी घरं जायचं आणि मगच पुन्हा फासा टाकायचा, हा नियम मीच लिहिला होता. शिडी त्या गल्लीत जाणारी एकही नव्हती. नव्या जिल्ह्यातली सगळी शाळकरी मुलं एका अशा खेळात अडकली होती जो जगात कुणालाच जिंकता येणार नव्हता, आणि मागे आमच्या दोघांच्या सह्या होत्या.

“लेकराइला वाटून राहिलं, त्याइचंच चुकलं,” काका म्हणाले. एवढंच. मग शेडच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि त्या दिवशी त्या थांबल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते शेठकडे गेले. महिनाभराची रजा द्या, शाळाशाळांत जाऊन पट दुरुस्त करून येतो, म्हणाले. शेठ मनाने वाईट नव्हता, पण चूक कबूल केली तर साहेब पुढचं काम देणार नाहीत, ही भीती त्याला होती. त्यात खरंच त्याला यात काही बिघडलेलं दिसत नव्हतं. “लेकरं चार दिवस झालं खेळायलेत म्हणता तुम्ही,” तो म्हणाला. “मग अजून काय पाहिजे? खेळच हाय तो.” रजा नाही. आणि त्या पटाबद्दल बाहेर बोललात तर नोकरीही नाही.

काकांनी राजीनामा लिहायला माझ्याकडेच कागद मागितला. मी त्यांना पुष्कळ समजावलं. बाईंना कार्ड पाठवू, नियम बदलून कळवू, सहा पडल्यावर दोन्ही दानं एकदम चालावीत असं लिहू. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की कार्ड एका शाळेला जाईल. बाकीच्यांनी विचारलंच नाही, त्यांचं काय? जी मुलं विचारत नाहीत तीच आपलं चुकलं असं धरून चालतात. मी जावक नोंदीतून शाळांची यादी चोरून उतरवून दिली. माझं धाडस तेवढंच.

संध्याकाळी मी भीतभीतच त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं होतं काकू रडत असतील, निदान भांडी तरी आदळत असतील. त्या भाकरी बांधत होत्या. सहा वर्षांनी कुठे रेशन कार्डावर लातूरचा शिक्का बसला होता, आणि हे सगळं पुन्हा सुटणार होतं. त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “लेकरांचं काम हाय, करून या. पण झाड मी परत डब्यात लावनार न्हाई.”

“हाव,” काका म्हणाले. त्यांच्या संसारातला हा सगळ्यात मोठा करार माझ्यासमोर असा दोन वाक्यांत झाला.

सकाळी स्टँडवर पोचवायला गेलो. पिशवीत रंगाच्या बाटल्या, दोन ब्रश, भाकरी आणि यादी. अहमदपूरची गाडी लागली. काका चढले, आणि मी थक्क झालो, कारण ते बसले. खिडकीशी, नीट, पाय जुळवून. शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. एक बाई जागा विचारायला आली तर तिला म्हणाले, माणूस येणार आहे. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं.

“येता का मास्तर? सही दोघांची हाय.”

माझं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. सासऱ्यांनी मुलगी नोकरी बघून दिली होती. मी म्हणालो, रविवारी येतो, तुम्ही पुढे व्हा. त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. गाडी निघाली तेव्हा त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या बाईला हाक मारली.

त्या रविवारी मी गेलो नाही. पुढच्याही नाही. गावात काकांच्या नोकरी सोडण्याच्या एकेक कथा निघाल्या. कुणी म्हणालं त्यांना पुण्याच्या मोठ्या कंपनीने बोलावलंय, कुणी म्हणालं अठ्ठ्याण्णवचा साप शेठला ओळखू आला. मला खरं माहीत होतं आणि मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर माझी सहीही सांगावी लागली असती. काका दिवाळीच्या सुमारास परतले, काळे ठिक्कर पडून. कारखान्यात त्यांची जागा राहिली नव्हती. शेठने कुठूनतरी तयार सापांचं चित्र आणलं होतं, सगळे साप एका चेहऱ्याचे. काका दुकानांच्या पाट्या रंगवू लागले, आणि विशेष म्हणजे गाव सोडून गेले नाहीत. रस्त्यात भेटले की ते पूर्वीसारखेच ‘काय मास्तर’ म्हणायचे. मीच घाईत असायचो. ते वारले तेव्हा मी कारखान्याच्या कामाला नांदेडला होतो, आणि तेही मला आठ दिवसांनी कळलं. भेटायला गेलो तर काकूंनी चहाबरोबर परसातल्या कढीपत्त्याची एक डहाळी हातात दिली. ते झाड आता छपराच्या वर गेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात अहमदपूरकडच्या एका शाळेने मला बक्षीस समारंभाला बोलावलं. निवृत्त माणसाला एवढं पुरतं. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर तो पट दिसला. कडा उसवलेल्या, रंग विटलेला. मी तो खाली घेतला आणि आधी पंचाण्णवच्या घराकडे बघितलं. साप तिथेच होता. तो खोडून टाकावा असं काकांना वाटलं नसावं, आणि इतका चांगला साप मीही खोडला नसता. त्यांनी त्याचं तोंड मिटवलं होतं, डोळ्यांवर पापण्या ओढल्या होत्या, आणि त्या सुकलेल्या चेहऱ्यावर अशी गाढ झोप काढली होती की मला नकळत श्वास हळू घ्यावासा वाटला. खाली बारीक अक्षरात, पाट्या रंगवणाऱ्याच्या वळणदार हाताने लिहिलं होतं: ‘हा साप झोपला आहे. पाय न वाजवता पुढे जा.’

पट उलटा केला. ‘पूर्ण खेळून पाहिला’ ही छापील ओळ आमच्या सह्यांसकट एका रेघेने खोडलेली होती. खाली शाईने नवी ओळ होती, ‘आता पुरा खेळून पाहिला’, आणि तिच्याखाली काकांची सही. सहीच्या उजव्या बाजूला, आम्ही नेहमी सोडायचो तेवढीच, एका सहीची जागा कोरी होती. यादीतल्या प्रत्येक शाळेत त्यांनी ती तशी सोडली असेल, हे माझ्या ध्यानात आलं आणि मला बसवेना.

मी शिपायाकडे फासा मागितला. दोन सोंगट्या मांडल्या, त्यांची आणि माझी, आणि दोन्हीकडून मीच खेळलो. काका आधी पोचले. माझी सोंगटी ब्याण्णववरून तीनदा खाली गेली, एकदा तर हुंड्याने थेट अकरावर नेलं. बाहेर माईकची चाचणी चालली होती, मुख्याध्यापक दोनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं, साहेब, आपण असे का फिरताय, काही हवंय का. तेव्हा मला कळलं की मी मघापासून टेबलाभोवती चकरा मारतो आहे. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. चौथ्या खेपेला तीन पडले. झोपलेल्या सापाच्या डोक्यावर सोंगटी टेकवली, मग पाच पडून शंभर झाले.

मग मी मुख्याध्यापकांकडे पेन मागितलं आणि त्या कोऱ्या जागेत सही केली.